पंचवीस टक्के की पस्तीस?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, घरच्या स्वयंपाकघरात मी भाजणी आणि मेतकूट करून विकते. श्रावण लागला की मागणी इतकी वाढते की घरची चक्की पुरत नाही. म्हणून रोस्टर आणि पल्वरायझर घेऊन छोटं युनिट टाकायचं ठरवलं. हिशेब 8 लाखांवर गेला: 6 लाखांची यंत्रं आणि 2 लाख खेळतं भांडवल.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, बायकांना पस्तीस टक्के सबसिडी मिळते." त्या भरवशावर मी जिल्हा उद्योग केंद्र गाठलं. खिडकीतून उत्तर आलं, "मॅडम, पहले बैंक से लोन, सब्सिडी बाद में." मला काहीच उमगेना. सरकार पैसे देणार असेल तर बँक मध्ये कशाला?

मग नियम काढून वाचत बसले. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम 2008 पासून आहे. त्यात महिलेला शहरात 25 टक्के आणि ग्रामीण भागात 35 टक्के. स्वतःचे फक्त 5 टक्के घालायचे. म्हणजे काकूंचे पस्तीस खरे, पण ग्रामीण भागातले. लष्करात 8 लाखांवर माझे 40 हजार, बँकेचं कर्ज 7 लाख 60 हजार आणि सबसिडी 2 लाख. हे 2 लाख मात्र हातात येत नाहीत. बँकेत माझ्या नावाच्या ठेवीत तीन वर्षं अडकून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही, पण तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी युनिट चालू असल्याची पाहणी होते, मग ती रक्कम कर्जातून वळती होते. हे वाचलं आणि खिडकीतलं ते उत्तर कळलं: कर्जच नसेल तर सबसिडी वळती कशातून करणार?

पण पुढची अट डोकं फिरवणारी होती. या योजनेतलं पहिलं कर्ज फक्त नव्या उद्योगाला मिळतं. ग्वाल्हेरच्या मेळ्यात स्टॉल लावण्यासाठी मी उद्यम नोंदणी आणि खाद्यपदार्थांची नोंदणी दोन्ही केली होती. मी नवी की जुनी? कुणी म्हणे घरगुती काम धरत नाहीत, कुणी म्हणे नोंदणी झाली की जुनी. सगळं नियमात बसवून प्रामाणिकपणे काम करणाऱ्या बाईची अशी कोंडी व्हावी, याचा मला खरंच राग आला.

वाट दाखवली ती अर्जदारांना मदत करणाऱ्या एका जिल्हा संसाधन व्यक्तीने. सूक्ष्म खाद्यप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत चालू उद्योगही बसतो. शहर-गाव भेद नाही, 35 टक्के, कमाल 10 लाख. स्वतःचे मात्र किमान 10 टक्के. मी मनात 8 लाखांवर 2 लाख 80 हजार धरले. त्यांनी कागद ओढून घेतला आणि खेळत्या भांडवलाचे 2 लाख खोडले. त्यावर ही सबसिडी नाही. उरलेल्या 6 लाखांवर 35 टक्के म्हणजे 2 लाख 10 हजार. पंचवीस आणि पस्तीस यांच्यात माझ्या पदरात पडणारा फरक अवघा 10 हजारांचा! पहिल्या योजनेत प्रकल्पखर्चात खेळतं भांडवलही धरतात, म्हणून तिथले कमी टक्केही जवळपास तिथेच पोचतात. आणि स्वतःचे पैसे तर दुसरीत जास्त घालावे लागतात.

टक्के कशाचे, हे विचारल्याशिवाय योजनांची तुलना होतच नाही. जाहिरातीत टक्के मोठ्या अक्षरात असतात. ते कोणत्या रकमेवर, कधी आणि कुणाच्या खात्यात, हे शोधावं लागतं. बायकांना योजना सांगणाऱ्या प्रत्येक टेबलावर असा एक सोडवलेला हिशेब ठेवावा, अशी माझी मनापासून मागणी आहे.

मी दुसऱ्या योजनेत अर्ज केला, कारण तिथे माझं जुनं काम लपवावं लागत नाही. माझ्यासारख्या सूक्ष्म उद्योगाच्या एवढ्या छोट्या कर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तोही लिहून घेतला. आता बँकेला यंत्रांची जीएसटीसह कोटेशनं हवी आहेत. पल्वरायझरचं आलं आहे, रोस्टरचं यायचं आहे.