सही एकटीची

१.
मावळ तालुका. तळेगाव, कामशेत, लोणावळा. सोनोग्राफी केंद्राच्या दारावर तीच पाटी: इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे. पाटी कायद्याने सक्तीची आहे आणि ती हवीच. गर्भपात कायदेशीर आहे असं सांगणारी पाटी या रस्त्यावर मला दिसलेली नाही. पहिली पाटी वाचून बायका समजतात, सरकारने गर्भपातच बंद केलाय.

२.
गर्भपाताच्या कायद्याचा पाया शांतिलाल शाह समितीने घातला. शाह तेव्हा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. समिती १९६४ ची, अहवाल १९६६ चा, कायदा १९७१ चा. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या, म्हणून.

३.
१९८८. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. त्यामागे मुंबईतल्या स्त्री-संघटनांचा रेटा होता. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो कागदावरच राहिला म्हणून २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले ते 'सेहत' आणि पुण्याची 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज. लिंगनिदानाला विरोध आणि गर्भपाताचा हक्क या दोन गोष्टी चळवळीने कधी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. सरकारी दट्ट्याने त्या मिसळल्या.

४.
जनगणना २०११, सहा वर्षांपर्यंतची मुलं. हजार मुलग्यांमागे मुली: महाराष्ट्र ८९४, पुणे जिल्हा ८८३.

५.
२०१२. परळीच्या दवाखान्यातलं बेकायदा गर्भपातांचं प्रकरण ताजं होतं. स्त्रीभ्रूणहत्येला खुनाचं कलम लावावं, असा प्रस्ताव राज्य सरकारने पुढे आणला. स्त्री-संघटनांनी विरोध केला. त्यांचं बरोबर होतं. खून म्हटला की पोलिसांच्या हाती सगळ्यात आधी लागते ती खाटेवर पडलेली बाई. १९९४ च्या कायद्यात निदान एवढा विचार आहे की, चाचणीसाठी तिच्यावर नवऱ्याने, नातेवाइकांनी सक्ती केली असं गृहीत धरावं.

६.
त्याच सुमाराला औषध दुकानांच्या तपासण्या कडक झाल्या. गर्भपाताच्या गोळ्या ठेवायच्या तर कागदपत्रांचा ससेमिरा, म्हणून कित्येक दुकानदारांनी त्या ठेवणंच सोडलं. आता हिशेब पाहा. कायद्याने गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरच्या देखरेखीखाली. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे बाराव्या आठवड्याच्या आत खात्रीने कळत नाही. म्हणजे गोळ्या अडवून एकही मुलगी वाचत नाही. अडते ती फक्त बाई.

७.
कार्ल्याला एकवीरेच्या पायऱ्यांवर मुलासाठी नवस बोलायला आलेली जोडपी. खाली गावात प्राथमिक आरोग्य केंद्र.

८.
आंदर मावळ. खांडी, सावळे इकडची बाई समजा. कायद्याची मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे पाळी चुकली तेव्हाच चार आठवडे गेलेले. पुढचे दोन वाट बघण्यात. मग भातलावणी येते आणि लावणी सोडून दवाखान्यात जाते म्हटलं तर कारण सांगावं लागतं. आशाताईला सांगावं, तर ती सासूच्या नात्यातली. पावसात टाकव्यापर्यंत यायचं, तिथून कान्हे फाटा, तिथून तळेगाव. तिथे सोनोग्राफी, रक्त, आणि 'उद्या या'. शहरातल्या बाईचा उद्या म्हणजे उद्याच. हिचा पुढच्या बाजारापर्यंत लांबतो. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस, दोन डॉक्टर, आणि तेही ठरावीक कारणांसाठीच. वेळ निघून गेल्यावर तिला 'इतके दिवस काय करत होतीस?' असं विचारणाऱ्याने एकदा भर पावसात तो रस्ता करावा.

९.
अठरा वर्षांवरच्या बाईला गर्भपातासाठी फक्त स्वतःची सही लागते. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही. तिचं नाव फोडलं तर एक वर्षापर्यंत कैद. २०२१ च्या दुरुस्तीत 'नवरा' जाऊन 'जोडीदार' आला. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीतून अविवाहितेला वगळता येणार नाही.
दवाखान्याच्या खिडकीवर प्रश्न तोच: 'मिस्टर कुठायत?'

१०.
जुलै २०२४, तळेगाव. पोलिसांनी सांगितलेली हकीकत: गर्भपातासाठी एका तरुणीला कळंबोलीच्या रुग्णालयात नेलं, तिथे तिचा मृत्यू झाला. प्रियकराने आणि साथीदाराने मृतदेह इंद्रायणीत टाकला. तिची दोन लहान मुलं रडू लागली, म्हणून त्यांनाही जिवंत नदीत टाकलं.
त्या वेळी वरचा कायदाही होता आणि वरचा निकालही.

११.
सविता हलप्पनवार बेळगावची. दंतवैद्य. गर्भपात नाकारल्यावर २८ ऑक्टोबर २०१२ ला आयर्लंडमध्ये गॉल्वे इथे वारली. २५ मे २०१८ ला आयर्लंडने सार्वमतात ६६.४ टक्के मतांनी गर्भपातावरची बंदी उठवली.

१२.
गर्भपाताच्या कायद्यात दुरुस्तीसाठी केंद्राने केलेल्या २०१४ च्या मसुद्यात प्रशिक्षित नर्स आणि आयुर्वेदाचे, होमिओपॅथीचे डॉक्टर यांनाही गर्भपात करू द्यावा अशी तरतूद होती. ती गळली. २०२१ ला आठवडे वाढले, करणारे हात तेवढेच राहिले. सुरुवातीच्या आठवड्यांत गोळ्या देण्यासाठी प्रशिक्षित नर्स पुरेशी आहे, असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. टाकवे, नाणे, पवन मावळ इथल्या बाईला आधी भेटते ती नर्सबाईच. मला ते गळलेलं कलम परत हवं आहे, प्रशिक्षणाच्या पूर्ण अटींसह, आणि मावळ तालुक्यापासून सुरू केलेलं.