उपवासाची तळणी

टेंपुरा हा जपानी पदार्थ मानला जातो. पण ही तळण्याची रीत तिकडे नेली ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी. नावही बहुधा लॅटिन ‘क्वात्वोर तेंपोरा’वरून आले असावे. वर्षातून चारदा, बुधवारी, शुक्रवारी व शनिवारी, ख्रिस्तसभा हे उपवास पाळी. मांस वर्ज्य, म्हणून मासळी व भाज्या पिठात बुडवून तळत. १९६९ च्या उपासना-पंचांगानंतर ते दिवस बहुतेकांच्या विस्मरणात गेले. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया ज्या नागासाकीत ५ फेब्रुवारी १५९७ रोजी रक्तसाक्षी झाले, ते बंदर पोर्तुगीजांचेच ठाणे होते.

गेल्या उपवासकाळात, एका शुक्रवारी, परदेशी परतणाऱ्या मुलाच्या आग्रहाखातर एका कुटुंबाने आम्हांस मुंबईच्या उपाहारगृहात नेले. जपानी, थाई, चिनी सारे एकाच मेजावर! नारळाच्या थाई रश्श्यात चीज कशाला, हे आम्हांस उमगले नाही. कोळंबीचा टेंपुरा मात्र फुलासारखा हलका होता. आजींनी नातवाकडून त्याची किंमत वाचून घेतली.

“फादर, ह्याला उपास म्हणायचा?”

“नियमाने, होय,” एवढेच आम्ही म्हणालो. आजींनी आपली कोळंबी नातवाच्या ताटात सारली आणि साधा भात मागवला.