ओट्यावरचे दिवस

पावसाळा नेमका कोणत्या दिवशी संपतो, सांगता येईल का तुम्हांला? येतो तेव्हा पाऊस वाजतगाजत येतो. विजा काय, गडगडाट काय, मातीचा वास काय! जातो मात्र अगदी गुपचूप. एखाद्या सकाळी उठून बघावं तर गवतावर दव पडलेलं आणि आभाळ धुतलेल्या पाटीसारखं स्वच्छ. आपण म्हणतो, "अरेच्चा, गेला की!"

आमच्या सुरगाण्यात हा बदल फार जाणवतो. सुरगाणा म्हणजे नाशिक जिल्ह्याचं गुजरातला टेकलेलं टोक. सगळा डोंगराळ, आदिवासी मुलूख. नार आणि पार या नद्या इथल्या डोंगरांतून निघून पश्चिमेला गुजरातेत उतरतात. नाशिक शहरापेक्षा पाऊस कितीतरी जास्त. त्या पावसात माणसं एकमेकांना दिसतात ती बहुतेक पाठमोरीच! भाताची आवणी, नागलीची लावणी, मग निंदणी. जो तो चिखलात वाकलेला. घरी यायचं, ओले कपडे चुलीजवळ वाळत टाकायचे, जेवायचं आणि झोपायचं. बोलायला वेळ कुणाला?

आश्विन लागतो आणि सगळं जरा सैल होतं. उतारावर खुरासणी पिवळीधमक फुलते. नागलीची कणसं भरू लागतात. कापणीला थोडा अवकाश असतो. काम नसतं असं नाही बरं का! दिवसा पाखरं हाकायची, रात्री रानडुकरं शिरू नयेत म्हणून माळ्यावर जागायचं. पण हे काम वाकून करायचं नसतं, बसून करायचं असतं. आणि चार माणसं एकत्र बसली की गप्पा आल्याच.

निसर्गही त्याला हातभार लावतो. २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे होतात. त्यानंतर दिवस रोज थोडा थोडा आखडतो. ढग म्हणजे जमिनीची गोधडीच. ती निघाली, की दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. म्हणून तर दुपारी चटका देणारं ऊन आणि पहाटे अंगावर चादर! हवेतली धूळ पावसाने धुऊन नेलेली असते, त्यामुळे चांदणंही लख्ख पडतं. अशा वेळी घरात कोण बसेल? सगळे ओट्यावर.

याच दिवसांत माणसाला गेलेल्यांची आठवण येते. भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा तर पितरांचाच. नवं धान्य घरात आलं की ते आधी देवाला आणि पितरांना दाखवायचं, मग आपण तोंडात घालायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. गंमत म्हणजे दूर कोरियातही याच सुमारास 'चुसोक' नावाचा सण असतो. पौर्णिमेच्या त्या सणाला शहरांतली माणसं आपापल्या गावी जातात, नव्या तांदळाचे पदार्थ करतात आणि पूर्वजांना नमस्कार करतात. कुठे कोरिया, कुठे सुरगाणा! संस्कृतात 'शरद' या शब्दाचा एक अर्थ 'वर्ष' असाही आहे. "शंभर शरद बघ" असा आशीर्वाद पूर्वी देत. पावसाळ्यातून सुखरूप बाहेर पडणं म्हणजेच एक वर्ष जगणं, असं तर त्या लोकांना वाटत नसेल?

आमच्याकडे मात्र या जवळिकीला आणखी एक कारण आहे, आणि ते जरा हुरहुर लावणारं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात दिंडोरी, निफाड भागातल्या द्राक्षबागांची छाटणी सुरू होते. तिथे हात लागतात. इथे तर पाऊस गेला की पाणी आटतं, दुसरं पीक सगळ्यांना घेता येत नाही. काही जण छाटणीलाच जातात, पुष्कळ जण दिवाळी करून निघतात. दिवाळीआधी वाघबारस येते. गुराखी पोरं घरोघर धान्य मागतात, वाघदेवाची पूजा होते, रानातच सगळ्यांचं जेवण होतं. मग हळूहळू बोचकी बांधली जातात. गाडी येते. घराला कुलूप लागतं, नाहीतर मागे म्हातारी माणसं आणि लहान पोरं राहतात.

माझ्या बाकावरचा एक मित्र दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात दिसायचा नाही. तो भेटायचा एकदम शिमग्याला. चांगला वीतभर उंच झालेला असायचा. गणिताचे चार धडे त्याचे बुडालेले असायचे, पण विरळणी कशी करतात, पेटीत घड कसे रचतात, हे तो मला समजावून सांगायचा. आश्विनात मात्र तो रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर यायचा. त्याची आजीही यायची. कोणता बांध कुणी घातला, कोणत्या साली नदी कुठवर आली होती, आजोबा पावरी कशी वाजवायचे, असं सगळं ती बोलत राहायची. एकदा मी विचारलं, "आजी, हे सगळं आत्ताच का सांगते?" ती म्हणाली, "मग कधी सांगू? ऐकणारे जातील ना आता!"

तिचं ते बोलणं मला अजून पटतं. माणसं कायमची जवळ असतात तेव्हा आपण बोलणं उद्यावर टाकतो. ताटातूट समोर दिसली, की उद्या उरत नाही. तुमच्या घरात छाटणीला कुणी जात नसेल. पण ताई पुढच्या वर्षी होस्टेलला जाईल, बाबांची बदली होईल, आजोबा थकत चालले असतील. तेव्हा या कोजागरीला दूध आटेपर्यंत टीव्ही बंद ठेवा आणि आजी-आजोबांना एक तरी प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर पुस्तकात नाही.

आणि दिवाळीनंतर तुमच्या वर्गातला एखादा बाक रिकामा होणार असेल, तर त्या मित्राचा फोन नंबर आजच वहीत लिहून घ्या. त्याचे बुडणारे धडेही उतरवून ठेवा. शिमगा यायला चार महिने असतात.