उतरून ढकलणं

बरेच दिवस काही लिहिणं झालं नाही. कारण नेहमीचंच, रिलीज. चार महिन्यांसाठी मिलानला ऑनसाइट म्हटल्यावर मित्रांना वाटतं की हा रोज पिझ्झा खात हिंडतोय. प्रत्यक्षात मी हॉटेल, मेट्रो, ऑफिस आणि परत हॉटेल एवढंच इटली बघत होतो. शेवटी एक शनिवार मोकळा मिळाला. टीममधला एक इटालियन सहकारी म्हणाला, "कोमोला जा, सायकल भाड्याने घे आणि घिसाल्लो चढ." आपल्याकडे एखादे काका "एकदा पंढरपूरला जाऊन ये रे" म्हणतात ना, अगदी त्याच आवाजात.

तर मंडळी, ही त्या सायकलवारीची गोष्ट.

मिलानच्या कादोर्ना स्टेशनवरून गाडी तासाभरात थेट कोमोच्या तळ्याकाठी आणून सोडते. कोमो म्हणजे व्होल्टाचं गाव. ज्याच्या नावाने आपण व्होल्टेज मोजतो तो अलेस्सांद्रो व्होल्टा इथे १७४५ साली जन्मला. तळ्याकाठी त्याचं देवळासारखं दिसणारं संग्रहालय आहे. फर्स्ट इयरच्या बेसिक इलेक्ट्रिकलने दिलेला छळ आठवून मी बाहेरूनच नमस्कार केला आणि सायकलचं दुकान गाठलं.

हे तळं उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखं आहे. दोन पायांच्या मधे डोंगराळ त्रिकोण. त्याच्या खालच्या टोकांना कोमो आणि लेक्को, वरच्या टोकाला बेलाज्जो. बेत असा होता: काठाकाठाने बेलाज्जोपर्यंत ३० किलोमीटर, तिथून घिसाल्लोची खिंड चढायची आणि पलीकडे उतरून आस्सो, एर्बा करत परत कोमो. साधारण ७० किलोमीटर.

पहिले दोन किलोमीटर नुसता "उजवीकडून चालव, उजवीकडून चालव" असा जप चालला होता. मग सवय झाली. रस्ता अरुंद, एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला तळं. हे तळं ४०० मीटरहून खोल आहे, त्यामुळे पाण्याचा रंग निळ्यापेक्षा गडद, शाईसारखा दिसतो. वाटेत नेस्सो नावाचं गाव लागतं. तिथे डोंगरातल्या घळीतून धबधबा गावाच्या मधोमध कोसळतो आणि खाली जुन्या दगडी पुलाजवळ तळ्याला मिळतो. फोटो काढले, केळं खाल्लं. इथपर्यंत आपण जाम फिट आहोत असा माझा समज होता.

बेलाज्जोच्या पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्या आणि टुरिस्टांची गर्दी मागे टाकली, आणि चढ सुरू झाला.

आता थोडं गणित. तळं समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर, खिंड ७५४ वर. अंतर साधारण १० किलोमीटर. म्हणजे सरासरी साडेपाच टक्के. आदल्या रात्री हे बघून "एवढंच?" म्हणालो होतो. पण सरासरीने इंजिनियरला जेवढं फसवलंय तेवढं कुणीच फसवलं नसेल. मधला बराच रस्ता जवळजवळ सपाट आहे. त्याची वसुली सुरुवातीच्या चार किलोमीटरमध्ये होते. काही ठिकाणी चढ १४ टक्के आहे, म्हणजे शंभर मीटर जाताना १४ मीटर वर!

तिसऱ्या किलोमीटरला कुठेतरी सायकल डुगडुगायला लागली. सगळ्यात हलका गिअर टाकून झाला होता. मागून सत्तरीचे वाटणारे एक आजोबा आले, "चाओ" म्हणाले आणि तुरुतुरु पुढे गेले. पुढच्या वळणावर मी उतरलो आणि ढकलायला लागलो.

पहिल्यांदा काय केलं असेल तर मागे वळून बघितलं. कुणी पाहत नाही ना?

आणि तिथे, भर इटलीत, मला साताऱ्याचा पोवई नाका आठवला.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर होते. जायचे सायकलवर. काळी, जड, चोवीस इंची, कॅरियरला डबा अडकवलेली. सकाळची पाळी असली की दुपारी येताना मला शाळेतून घ्यायचे. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे यायला चढ आहे. मी कॅरियरवर बसलेला, दप्तर हँडलला, आणि आप्पा उतरून ढकलतायत असं रोज असायचं.

पाचवीत होतो. २००७ साल असेल. एकदा असेच चढावर होतो आणि वर्गातला एक मुलगा त्याच्या बाबांच्या नव्या गाडीवरून शेजारून गेला. सिग्नलला थांबले. त्याने मला विचारलं, "कोण रे हे?" आप्पांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, हाताला ऑइल होतं. मी म्हणालो, "शेजारचे काका आहेत."

आप्पा पुढे बघत होते. त्यांना ऐकू गेलं नसावं असं मी स्वतःला अठरा वर्षं सांगत आलोय.

पुढे नोकरी लागली तेव्हा पहिल्या बोनसमधून मी त्यांना स्कूटर घेऊन दिली. सगळ्यांनी कौतुक केलं. सायकल मीच भंगारवाल्याला दिली. ती घाई कशाची होती हे मला त्या घिसाल्लोच्या वळणावर कळलं.

असो. पुढे सपाट रस्ता आला, चिव्हेन्ना गाव आलं. मग शेवटचा चढ. तिथेही एकदा उतरलो, पण या वेळी मागे बघितलं नाही.

खिंडीत माद्रेची, मदोन्ना देल घिसाल्लोची छोटीशी चॅपेल आहे. १९४९ मध्ये पोप बारावे पायस यांनी हिला सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून जाहीर केलं. आत एक ज्योत तेवत असते. भिंतींवर छतापर्यंत सायकली टांगलेल्या, जर्सी लावलेल्या. कोप्पी, बार्ताली, मेर्क्स अशा दिग्गजांच्या सायकली तिथे आहेत. आपल्याकडे देवाला घंटा वाहतात, तसं हे. आणि तिथेच फाबिओ कासार्तेल्लीची मोडलेली सायकल आहे. हा याच भागातला मुलगा. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक, आणि १८ जुलै १९९५ ला टूर द फ्रान्समध्ये पिरेनीजचा घाट उतरताना पडून गेला. वय २४. घरी तान्हं मूल होतं. डोक्याला हेल्मेट नव्हतं. मोठ्या शर्यतींत ते सक्तीचं झालं २००३ मध्ये. त्या सायकलसमोर कुणीच मोठ्याने बोलत नाही.

बाहेर ब्राँझचा पुतळा आहे. एक सायकलस्वार हात उंचावून जिंकलेला, दुसरा खाली पडलेला. दोघं एकाच चौथऱ्यावर.

शेजारीच २००६ मध्ये उघडलेलं सायकलिंगचं संग्रहालय आहे. तिथून निघाल्यावर बाकावर बसून जवळच्या सोर्मानोच्या चढाबद्दल फोनवर वाचत होतो. 'सोर्मानोची भिंत' म्हणतात त्याला. जेमतेम दोन किलोमीटर, पण काही ठिकाणी २५ टक्के. १९६० ते ६२ अशी तीन वर्षं जिरो दी लोम्बार्दिया ही नामांकित शर्यत तिथून गेली. चांगले चांगले व्यावसायिक खेळाडू उतरून चालले, प्रेक्षकांनी ढकलून कित्येकांना वर पोचवलं. मग तो चढ शर्यतीतून काढला, तो थेट २०१२ मध्ये परत आला. जगातले तगडे सायकलपटू उतरले होते. आणि मी पोवई नाक्यावर लाजलो होतो.

फोन हातातच होता. भारतात साडेचार वाजले होते, म्हणजे आप्पांच्या चहाची वेळ.

"कुठं आहेस?"

"डोंगरावर. सायकलवर आलोय आप्पा."

"सायकलवर?" मग एकदम उत्साहात, "गिअरची का? चढ मोठा आहे? उतरलास का नाही मधे?"

"उतरलो. दोनदा ढकलली."

"मग बरोबर आहे. छाती फुटेस्तोवर मारू नये. ढकलली तरी सायकल आपल्यालाच घरी नेते."

मी जरा थांबलो. म्हटलं आज नाही तर कधीच नाही. "आप्पा, पाचवीत असताना एकदा चढावर... मी एका मुलाला सांगितलं होतं..."

"शेजारचे काका," आप्पा म्हणाले.

मला काही सुचेना.

"ऐकलं होतं मी. म्हणून तर नंतर पेठेच्या कोपऱ्यावर उभा राहायचो ना, शाळेपासून लांब. तुला वाटायचं गेटवर गर्दी असते म्हणून." मग हसले. "लहान होतास रे. अरे, मी माझ्या बापाला बाजारात ओळख दिली नव्हती एकदा, डोक्यावर पाटी होती म्हणून. चल, चहा गार होतोय. हेल्मेट घातलंयस ना?"

घातलं होतं.

खिंडीतून पुढचा सगळा रस्ता उतार. लांब्रो नदी या मॅग्रेलिओच्या परिसरातच उगम पावते आणि आस्सोपर्यंत सोबत करते. एर्बानंतर कोमोच्या वाटेवर अल्बेसे कोन कास्सानो लागतं, ते कासार्तेल्लीचं गाव. वारा तोंडावर येत होता, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचं कारण कुणाला सांगायची गरज पडली नाही.

संध्याकाळी सायकल परत देताना दुकानदाराने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "घिसाल्लो? पूर्ण चढलास?"

म्हटलं, "हो. थोडा ढकलत."

पुढच्या महिन्यात साताऱ्याला जातोय. आप्पांसाठी सायकल घ्यायची आहे. गिअरची नको म्हणतायत, "साधीच आण, कॅरियर असलेली." कॅरियरवर आता मी मावणार नाही :-) पण पोवई नाक्यापासून वर ढकलायला येईन.