तंबोऱ्यांच्या खोलीत एक रात्र

बी.एड.ला असताना माझ्या खोलीत मिरजेची एक मुलगी होती. तिचे अब्बा तंबोरे बनवतात. "माझ्या माहेरी राहायला आलीस तर तंबोऱ्यांच्या खोलीत झोपावं लागेल," असं ती तेव्हापासून म्हणायची. वीस वर्षं हे बोलावणं तसंच राहिलं. लग्न, नोकरी, मुलं, इलेक्शन ड्यूटी, कारणांना काय कमी. या दिवाळीच्या सुट्टीत ती माहेरी आली होती, मग मीही निघाले.

देगलूरला रेल्वे नाही. एसटीने उदगीर, लातूर, आणि लातूरहून गाडीने कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज. आपल्या भागातल्या माणसाला हे रूळ विसरणं शक्य नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी भरलेली गाडी यांवरूनच लातूरला आली होती. मैत्रिणीच्या अब्बांना हे सांगितलं तर म्हणाले, "हौ, और हमारे भोपले भी उधर सेच आते." तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. त्यांची 'हौ' आणि 'नक्को' ऐकून मला वाटलं, मी देगलूरमध्येच आहे. इतक्या लांब येऊन दखनी तीच.

खाली कारखाना आणि वर ती खोली. पूर्वी तंबोरा न्यायला आलेले गवई जवारी मनासारखी लागेपर्यंत दोन-दोन दिवस या खोलीत मुक्काम करायचे. राहणं-जेवणं घरचंच. आता कोणी राहत नाही, सगळं फोनवर ठरतं आणि तंबोरा पार्सलने जातो. खोलीत एक लोखंडी कॉट, सतरंजी आणि तीन भिंतींना टेकवलेले अकरा तंबोरे. मी मोजले.

ही सगळी मंडळी मूळची शिकलगार. तलवारी, कट्यारी घडवायच्या, त्यांना धार लावायची. इंग्रजांच्या राज्यात हत्यारांचं काम बसलं. मिरज पटवर्धनांचं संस्थान, तिथे गवयांचं येणं-जाणं. १८५०च्या सुमारास फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने दुरुस्तीला आलेली वाद्यं हाताळता हाताळता नवी बनवायला घेतली, आणि पोलाद घासणारे हात भोपळ्याला लागले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०२४ मध्ये. अब्बांना त्याचं फारसं अप्रूप दिसलं नाही. "कागज अच्छा है," एवढंच म्हणाले.

जवारी काढणं मी पहिल्यांदा पाहिलं. ज्या पट्टीवरून तारा जातात ती घोडी. तिचा माथा कानशीने घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. तार घोडीवर नुसती टेकली तर आवाज मुका. ती केसभर घासत गेली की झंकार उठतो. मग तारेखाली सुती दोरा सारतात, त्याला 'जीवा' म्हणतात. तो एक बारीकशी जागा सापडेपर्यंत पुढे-मागे सरकवायचा. मोजायला पट्टी नाही की काही नाही, सगळं कानावर. अब्बा बहात्तर वर्षांचे आहेत. चहा घेता का हे त्यांना दोनदा विचारावं लागतं, पण तार किंचित उतरली तर दुसऱ्या खोलीतून ओरडतात. मधेच जोहरची अजान झाली. कानस ठेवली, हात धुतले, मशिदीत जाऊन आले आणि तीच घोडी परत मांडीवर घेतली.

मी ते जरा जास्तच बघत होते, त्याला कारण होतं. माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी आहे. आवाज असा की प्रार्थनेला बाकीची पोरं आपोआप हळू म्हणतात. ऑगस्टमध्ये तिचे वडील शाळेत आले. गडी भला, हमालीचं काम करतो, मुलींना शिकवायचं म्हणतो. त्याने विचारलं, "टीचर, तुम्ही उर्दूच्या, तुम्हीच सांगा, पोरीचं गाणं जायज आहे का?" मी म्हटलं, "भाई, मी आलिमा नाही." हे खरंच आहे. उलेमांमध्ये यावर शेकडो वर्षं मतभेद आहेत, ते मी स्टाफरूममध्ये मिटवणार नव्हते. पण ती मुलगी त्यानंतर मागच्या रांगेत उभी राहू लागली.

मिरजेत मीरासाहेबांचा दर्गा आहे, ख्वाजा शमना मीरा यांचा. उरुसात तिथे चिंचेच्या झाडाखाली रात्र-रात्र गाणं चालतं. दर्ग्याच्या आवारातच उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. खाँसाहेब कैरानाचे. सांगतात की मिरजेत प्लेगने आजारी पडले, दर्ग्यात बरे झाले आणि मग मिरजेचेच झाले. हिराबाई बडोदेकर ही त्यांची मुलगी, १९०५ साली मिरजेतच जन्मलेली. रोशन आरा बेगमही त्यांच्याकडेच शिकल्या. २७ ऑक्टोबर १९३७ला मद्रासहून पाँडिचेरीकडे प्रवासात छातीत दुखू लागलं म्हणून सिंगपेरुमल कोइल या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावर नमाज पढले, दरबारी रागात कलमा म्हणत गेले, असं गाणाऱ्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मय्यत मिरजेला आणली.

रात्री मैत्रीण खाली गादी टाकून बोलता बोलता झोपली. वर येताना अब्बांनी बजावलं होतं, "हात नक्को लगाव, सुर उतरते." मी लावला नाही. पण ताणलेल्या तारांच्या खोलीत शांतता वेगळी असते. मी खोकले की कोपऱ्यातून कोणीतरी हुंकार दिल्यासारखं व्हायचं. लांबून मालगाडीची शिट्टी आली, तेव्हा खिडकीजवळचे दोन तंबोरे बोलले. आधी जीव दचकला. मग विज्ञानाचा तास आठवला: ज्या तारेचा जो सूर, तो बाहेर लागला की ती तार न छेडता थरथरते.

पहाटे फज्रची अजान झाली. मशीद गल्लीच्या तोंडाशीच आहे. मुअज्जिनने पहिला आवाज लांबवला तसा माझ्या उशाकडचा लहान तंबोरा, बायकांच्या आवाजाचा, हलकेच घुमू लागला. पुढच्या ओळीला आवाज चढला, तेव्हा तो गप्प आणि पलीकडचा सुरू. मी मैत्रिणीला हलवून उठवलं. ती डोळे न उघडता म्हणाली, "अगं, रोज होतं ते," आणि वजूला उठली.

नाष्ट्याला भडंग आणि चहा. नातू मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. त्याने मला फोनवर तंबोरा वाजवून दाखवला, ॲपवरचा, फुकट. अब्बांनी बशीतून चहा ओतला आणि म्हणाले, "उसको भोपला नहीं लगता." नातवाला कानस धरायची नाही, आणि अब्बाही आग्रह करत नाहीत. एका तंबोऱ्यामागे किती दिवस जातात आणि हातात किती पडतात, हा हिशेब त्यांनी मला सांगितला. तो ऐकल्यावर मीही आग्रह केला नसता.

अजानच्या वेळी मीही मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं होतं. परतीच्या गाडीत, पंढरपूरच्या अलीकडे, इअरफोन लावून तीनदा ऐकलं. अजान आली आहे, एक कावळा आला आहे, खाली कोणी बादली भरतंय तेही आलं आहे. तंबोरा आलेला नाही. महिनाअखेरीस पालक सभा आहे, तिथे तो गृहस्थ येईल. त्याला हे तोंडीच सांगावं लागणार.