तेलाची बुधली

घरातली जुनी वस्तू मोडीत काढावी की ठेवावी, हा वाद ज्या घरात कधीच झाला नाही ते घर भाग्यवान म्हणावे की दरिद्री, हे मला अजून ठरविता आलेले नाही. आमच्या घरात तो गेल्या श्रावणात झाला. आणि तोही एखाद्या पितळी घंगाळावरून नव्हे, तर परसातल्या पत्र्याच्या खोलीत उभ्या असलेल्या वडिलांच्या लेथवरून.

हा लेथ अमेरिकेतील साउथ बेंड गावचा, नऊ इंची. वडिलांनी तो १९५८ साली मुंबईच्या जुन्या बाजारात घेऊन कोल्हापुरास आणला. दिवसभर उद्यमनगरात राबून आल्यावर रात्री ते त्यावर स्वतःची कामे करीत. पण आधी बुधली. हेडस्टॉकच्या पुढील अंगास तेलाचे दोन लहान कप आहेत. त्यांची झाकणे अंगठ्याने उघडून ते तेल घालीत, चक हाताने चार-सहा वेळा सावकाश फिरवीत, आणि मगच बटण दाबीत. लहानपणी मी ह्या विधीस त्यांची संध्या म्हणत असे. खरी संध्या त्यांनी केल्याचे मला आठवत नाही. “बघ,” असे ते मला अनेकदा म्हणाले. मी जवळच स्टुलावर बसून कादंबरी वाचीत असे.

१९९१ साली ते गेले, आणि लेथ गोणपाटाखाली गेला. पुढे मराठी शिकविण्याच्या नोकरीतून मोकळा झाल्यावर मला एकाएकी पितृभक्तीचे भरते आले. गोणपाट काढले, धूळ झटकली, आणि दाट तेल जास्त टिकते ह्या स्वयंपाकघरी तर्काने गिअरचे ९० नंबरचे तेल कपांत ओतले. अर्ध्या तासात पुढचे बेअरिंग असे तापले की त्यावर हात ठेववेना. मग एक बारीक किंकाळी ऐकू आली. मी बटण बंद केले. मुलगा म्हणाला, “बाबा, आता तरी भंगारवाल्याला बोलावू या.” मजपाशी उत्तर नव्हते.

वडिलांच्या हाताखाली शिकलेले एक वृद्ध मिस्त्री आमच्या पेठेत राहतात. ते आले, कपात बोट घालून त्यांनी तेल बोटांवर चोळले आणि माझ्याकडे पाहिले. “मास्तर, समईत डांबर ओतल्यावर वात पेटंल व्हय?”

उपमा अगदी चोख होती. ह्या लेथची स्पिंडल ओतीव लोखंडाच्या साध्या बेअरिंगमध्ये फिरते. तीत गोळ्या नाहीत. खाली तेलाचे लहानसे टाके असते, आणि त्यात उभा केलेला लोकरीच्या नमद्याचा तुकडा स्प्रिंगच्या जोराने स्पिंडलला खालून टेकलेला असतो. समईतली वात जशी तेल वर ओढते तसाच तोही. आमच्या लेथमधला नमदा जुने तेल वाळून लाकडासारखा झाला होता. माझे तेल टाक्यातच राहिले, आणि स्पिंडल वर कोरडी फिरली. शिवाय ९० हा आकडा मिस्त्रींनी सांगितलेल्या २२ च्या मोजपट्टीवरचाच नव्हे. एका मापाने मोजले तर ते तेल आठ-दहा पट दाट भरते. स्पिंडल आणि बेअरिंग ह्यांत फट असते ती इंचाच्या हजाराव्या भागाएवढी. तेथे असले तेल पोचलेच असते, तरी त्याने उष्णताच वाढविली असती.

ह्याविषयी पुढे वाचले तेव्हा एक गंमत कळली. १८८३ च्या सुमारास इंग्लंडात बोशँप टॉवर नावाचे एक इंजिनियर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी वरून भोक पाडले, तर आस फिरताच उलट त्यातूनच तेल वर येऊ लागले. बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. दाबमापक लावला तेव्हा काटा चौरस इंचास २०० पौंडांच्या पलीकडे गेला. बेअरिंगवरचे सरासरी ओझे मात्र १०० पौंडांचेच होते. फिरता आस तेलाला स्वतःच चिंचोळ्या फटीत ओढून घेतो आणि त्याच्या पातळ पडद्यावर तरंगतो. १८८६ साली ऑसबर्न रेनॉल्ड्स ह्यांनी त्याचे गणित मांडले. थांबलेल्या आसाखाली मात्र हा पडदा उरत नाही. चक हाताने फिरविण्याचे वडिलांचे ते चार-सहा फेरे मला तेव्हा समजले. अर्थात तीस वर्षे उशिरा.

मिस्त्रींनी स्पिंडल काढली. तिला काही झाले नव्हते. पण पुढच्या बेअरिंगमध्ये नखाला लागतील असे तीन ओरखडे होते. “हे आता ऱ्हाणार,” ते म्हणाले, “पण चालंल.” वडिलांनी तेहतीस वर्षांत एकही ओरखडा पाडला नव्हता. रॉकेलने सारे धुतले, शुद्ध लोकरीचे नवे नमदे कापून रात्रभर २२ नंबरच्या तेलात भिजत ठेवले. दुसऱ्या दिवशी स्पिंडल आत सरकविताना ते चिरडू नयेत म्हणून मिस्त्रींनी बारीक तारेने खाली दाबून धरले, आणि मग एकेक तार हळूच ओढून घेतली.

चक मी हाताने फिरविले, मग बटण दाबले. अर्ध्या तासाने बेअरिंगवर तळवा ठेवला. ते जेमतेम कोमट होते.

मुलगा केव्हापासून दारात उभा होता कोण जाणे. “किती थेंब घालायचे?” त्याने विचारले.

“थेंब मोजायचं न्हाईत,” मिस्त्री त्याच्या हाती बुधली देत म्हणाले. “कप भरंस्तवर.”