पांढऱ्या नागाची साधी भावंडं

पावसाळा लागला की यावल-रावेरच्या केळीबागांतून आणि शिरपूरकडच्या कपाशीतून साप निघाल्याचे फोन आम्हा सर्पमित्रांना रोजचेच. पण क्वचित एखादा नाग पांढराफटक आणि लाल डोळ्यांचा निघतो, आणि सगळं गाव लोटतं. कोणी हळदकुंकू घेऊन येतं, कोणी मोबाइल. ही जात वेगळी का, याची किंमत किती, असे प्रश्न सुरू होतात. प्राणिशास्त्र शिकवणारा माणूस म्हणून मी सांगतो: जात तीच. याचे आईबाप बहुधा साधे, तपकिरी नाग असणार आणि तेही याच शिवारातले.

हे कसं, ते आफ्रिकेतल्या बॉल पायथनवरून उत्तम कळतं. हा बिनविषारी अजगर घाबरला की डोकं आत घेऊन घट्ट वेटोळं करतो, म्हणून हे नाव. मूळ रंग काळा-तपकिरी. पाळणाऱ्यांनी मात्र जोड्या लावून, पिढ्यांची नोंद ठेवून त्याचे असंख्य रंग जोपासले. त्यामुळे रंगाचा वारसा सापांमध्ये कसा चालतो, याचा इतका तपशील दुसऱ्या कुठल्या सापाबद्दल क्वचितच सापडेल.

अजगराची कात उजेडासमोर धरली, तर काळ्या नक्षीच्या जागी अंधूक सावली दिसते. ते मेलॅनिन. अल्बिनो सापात, म्हणजे त्या पांढऱ्या नागासारख्या सापात, हे रंगद्रव्य तयार होत नाही. पिवळं रंगद्रव्य मात्र वेगळ्या पेशींत असतं, ते टिकतं. म्हणून अल्बिनो बॉल पायथन पांढऱ्यावर पिवळ्या नक्षीचा दिसतो. अमेरिकेतल्या ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी पाळणाऱ्यांकडून काती मागवल्या, त्यांतून डीएनए काढला आणि 2022 मध्ये दाखवून दिलं की बिघाड टायरोसिनेज या विकराच्या जनुकात आहे.

हा बिघाड अप्रभावी आहे. प्रत्येक पिलाला एक प्रत आईकडून, एक बापाकडून मिळते. दोन्ही बिघडलेल्या असतील तरच पिलू अल्बिनो. एकच बिघडलेली असेल तर साप दिसायला साधा, पण वाहक. दोन वाहकांची जोडी लागली तर प्रत्येक अंड्यामागे अल्बिनोची शक्यता 25 टक्के. चार अंडी म्हणजे एक अल्बिनो हमखास, असं मात्र नाही. प्रत्येक अंड्याचा हिशेब स्वतंत्र. चारही पिलं साधी निघण्याची शक्यता जवळपास 32 टक्के असते. आणि या जोडीच्या साध्या दिसणाऱ्या पिलांपैकी सरासरी दर तिनात दोन वाहक असतात.

सगळे रंग असे दडून राहत नाहीत. ‘स्पायडर’ या कोळ्याच्या जाळ्यासारख्या नक्षीला एकच प्रत पुरते. पण त्या नक्षीबरोबर डोकं डुलणं आणि तोल जाणंही येतं, कारण आतल्या कानाची रचनाच बिघडलेली असते. नक्षी सुंदर आहे म्हणून अशी जोडी लावू नये, असं माझं ठाम मत आहे. एका जनुकाची कामं अनेक असतात. आपण निवडतो फक्त डोळ्यांना दिसणारं.

आपल्याकडे नाग, धामण, अजगर हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांना पकडून पाळता येत नाही. बॉल पायथन विदेशी असला, तरी 2024 च्या नियमांनुसार त्याची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. पिलं झाली तर तीही कळवावी लागतात.

म्हणून पांढरा नाग निघाला तर वनविभागाला कळवा, तो विकत मागणाऱ्याला हाकला. त्याच आठवड्यात शेजारच्या वावरात साधा नाग दिसला, तर त्यालाही तितकंच जपा. पांढरा रंग उघड्यावर सहज नजरेत भरतो, त्यामुळे असा साप शिकाऱ्यांच्या तावडीत लवकर सापडू शकतो. तो रंग पिढ्यानपिढ्या टिकवून ठेवतात ते साधे दिसणारे वाहक. नेमक्या त्यांनाच आपण काठीनं मारतो.